बेने इस्राएल तरुण मंडळींचा गट, ठाणे-मुंबई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी बोलणारे ज्यू. फोनवर, सिनेगॉगच्या (आपल्या प्रार्थनाघराच्या) पायऱ्यांवर, कोणाच्या लग्नात जेवणाच्या लाइनीत उभं असताना, तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. उत्तरं थोडी लांब आहेत, पण नीट वाचा.

हा गट नक्की कोणासाठी आहे?

साधारण विशीतले आणि तिशीतले, म्हणजे कॉलेज संपलंय पण घरसंसार अजून सुरू नाही किंवा नुकताच झालाय असे सगळे. वयाचा दाखला कोणी मागत नाही. बहुतेक जण बेने इस्राएल आहेत, काही बगदादी (इराककडून आलेल्या ज्यू) घरातले, एखाद-दोन कोचीकडचे, आणि नोकरीसाठी किंवा शिकायला मुंबईत येऊन राहिलेले परदेशी ज्यूपण अधूनमधून असतात. आपल्याकडे लहान मुलांसाठी क्लास असतात, कॅम्प असतात, म्हाताऱ्या माणसांना औषधपाण्याची मदत पण मिळते, पण मधल्या वयाची माणसं कोणाच्याच यादीत नसतात. बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा विधी) झाला की मुलगा जो गायब होतो तो थेट स्वतःच्या लग्नाला सिनेगॉगमध्ये उगवतो. तेवढी दहा-पंधरा वर्षं भरून काढायची म्हणून हा गट.

आपण आहोतच किती? त्यात परत तरुणांचं वेगळं कशाला?

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. १९४८ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते, २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास. त्यामुळे "कशाला, आता कोण उरलंय" हे वाक्य आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय की आपल्याला ते खरंच वाटायला लागतं. आमचं म्हणणं असं की कमी आहोत म्हणूनच एकेक माणूस मोजायचा. पंचवीस वर्षांच्या मुलीला साठ-सत्तरीच्या आंटी-अंकल मंडळींमध्ये एकटीला बसवलं तर ती किती वेळा येईल? दोनदा, फार तर तीनदा. तिच्या वयाची चार माणसं तिथे असली तर ती येते, आणि मग त्याच आंटींकडून चिकाचा हलवा कसा करायचा तेही शिकते. वेगळं बसायचं नाहीये, आत यायला एक दार जास्त करायचंय.

मी पहिल्यांदाच येतोय, कोणालाच ओळखत नाही. काय होईल?

आधी फोन किंवा मेसेज करा, म्हणजे तुमचं नाव आमच्यातल्या एकाकडे असेल आणि तो माणूस खाली गेटवर उभा असेल. हे आम्ही कटाक्षाने पाळतो. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हापासून आपल्या बऱ्याच जागांवर पोलीस असतात, रजिस्टर असतं, ओळखपत्र बघतात, आणि ते बरोबरच आहे, त्यात ढिलाई नको. पण नवीन माणसाला पहिला चेहरा बंदूकवाल्या हवालदाराचा दिसला, दुसरा संशयाने बघणाऱ्या वॉचमनचा, आणि तिसरा कोणी दिसलाच नाही, तर तो परत फिरतो. असे परत फिरलेले लोक आम्हाला माहीत आहेत. म्हणून गेटवर आपला माणूस पाहिजे, तुमचं नाव घेऊन हाक मारणारा. आधार कार्ड किंवा पासपोर्ट बरोबर ठेवा, मोठी बॅग आणू नका.

आत आल्यावर किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी टोपी, तिथेच मिळतो. कोणीतरी हातबोशी करेल, म्हणजे तुमच्या बोटांना बोटं लावून मग स्वतःच्या ओठांना लावेल. घरी आजीबरोबर केलं असेल तर हात आपोआप पुढे जातो, नसेल केलं तर नुसतं शालोम म्हटलं तरी झालं.

आल्या आल्या "कोणाचा तू, कुठले तुम्ही" विचारतात का?

हा आमच्यात सगळ्यात जास्त वाद झालेला विषय. आपल्यात हे प्रेमाने विचारतात हे खरंय. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, आष्टमकर, आडनाव सांगितलं की समोरचा दोन मिनिटांत तुमच्या आत्याच्या सासरपर्यंत पोचतो आणि तुम्ही पाहुण्याचे घरचे होता. पण ज्याच्याकडे असं आडनाव नाही, ज्याचे बाबा हिंदू आहेत किंवा आई ख्रिश्चन आहे, किंवा जो दत्तक आहे, त्याला तोच प्रश्न चौकशीसारखा लागतो. म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे की पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारायच्या नाहीत: आईवडील कोण, लग्न कधी, आणि इस्राएलला कधी जाणार. चहा घेणार का, कुठून आलास, ट्रेनला गर्दी होती का, हे विचारा. बाकीचं माणूस स्वतःहून सांगतो, त्याला सांगावंसं वाटलं की.

माझी आई ज्यू नाही. मला येता येईल का?

हो. आणि दबकत येऊ नका.

धार्मिक नियम काय आहे तो स्पष्टच सांगतो, लपवाछपवी नको. ऑर्थोडॉक्स पद्धतीत आई ज्यू असेल तर मूल ज्यू, आणि आपली बहुतेक सिनेगॉग तोच नियम धरतात, त्यामुळे मिन्यानमध्ये (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत) मोजणं, सेफर तोरासमोर (धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर) आलिया, म्हणजे वाचनाला बोलावणं, मिळणं, तिथे लग्न लागणं, हे सगळं त्या सिनेगॉगच्या कमिटीच्या हातात असतं आणि तिथे आमचं काही चालत नाही. पण शुक्रवारचं जेवण, मलिदा (गोड पोहे-फळांचा आपला विधी), सहली, गाणी, क्लास, यात कोणाची वंशावळ बघायचं काहीच कारण नाही.

आणि एक गोष्ट आपण विसरायला नको. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये तिथल्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मुख्य संस्थेने बेने इस्राएल लोकांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करायचे आदेश काढले होते. आजी ज्यू होती का, तिची आई होती का, मागे जाता येईल तितकं मागे. कोकणातल्या गावात शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, मुलांची सुंता केली, शेमा ही प्रार्थना म्हटली, ती माणसं तिकडे जाऊन दिमोना आणि बीरशेबाला राहिली आणि त्यांना सांगितलं गेलं की आधी सिद्ध करा. आपल्या लोकांनी आंदोलन केलं, जेरुसलेमला धरणं धरलं, शेवटी १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, आणि रब्बींनाही माघार घ्यावी लागली. ज्यांच्या आज्या-पणज्यांना या रांगेत उभं केलं गेलं त्यांनी ठाण्यातल्या एका मुलाला दारात तोच प्रश्न विचारावा हे आम्हाला पटत नाही. आमची ही भूमिका बदलणार नाही.

मला हिब्रू येत नाही, प्रार्थना पाठ नाही, देवावर विश्वास आहे की नाही तेही नक्की नाही.

निम्म्या लोकांची हीच गोष्ट आहे. शुक्रवारी आम्ही देवनागरीत टाइप केलेली पानं वाटतो, लेखा दोदी हे गाणं काय आणि किद्दुश हा प्याल्यावरचा आशीर्वाद काय, सगळं मराठी अक्षरांत आहे, वाचत वाचत म्हणता येतं. आपल्याकडे ही परंपरा नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं छापली, तोरातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं केली, अब्राहाम आणि योसेफच्या कथा ओवी-अभंगांच्या चालीवर गायल्या. समजत असलेल्या भाषेत केलं की लोक येतात, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. हिब्रू शिकायचं असेल तर रविवारी सकाळी ऑनलाइन बसतो, अलेफ-बेतपासून.

विश्वासाचं म्हणाल तर कोणी परीक्षा घेत नाही. जो फक्त जेवायला येतो त्याच्याही हाताला काम असतं, पाट-खुर्च्या त्यालाच लावायला सांगतो.

शुक्रवारी ऑफिस सुटायलाच आठ वाजतात, शब्बाथला कसं पोचणार?

मुंबईची सगळ्यात खरी अडचण ही. शब्बाथ, म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. मेणबत्त्या लावायची वेळ सूर्यास्ताच्या थोडी आधी, डिसेंबरात तर सहाच्याही आत, आणि त्या वेळी तुम्ही बीकेसीत कुठल्यातरी मीटिंगमध्ये असता नाहीतर दादरला फास्ट लोकलच्या दाराला लटकलेले असता. शब्बाथ नीट पाळणारा माणूस त्यानंतर प्रवासच करत नाही, त्यामुळे लांब राहणाऱ्याला येणंच बंद होतं. यावर एकच उपाय सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून दोन-तीन प्रकार ठेवलेत.

एक म्हणजे घरोघरी शुक्रवार. ठाण्यात कोणाकडे, भायखळ्याला कोणाकडे, कांदिवलीला कोणाकडे, जो जवळ त्याने तिथे जायचं. सहा-सात माणसं पुरतात. जे पाळतात ते लवकर येऊन तिथेच मुक्काम करतात, जे पाळत नाहीत ते उशिरा येतात, आणि कोणी कोणाला बोलायचं नाही. मनुका भिजवून कुस्करून गाळलेलं शरबत किद्दुशला पुरतं, महागडी वाइन आणायची गरज नाही, आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या तेच चालत आलंय.

दुसरं म्हणजे शनिवारी रात्री हवदाला, शब्बाथला निरोप द्यायचा विधी. हे आम्हाला फार कामाचं वाटलं. शब्बाथ संपलेला असतो, प्रवास करता येतो, बहुतेकांना सुट्टी असते. पिळाची मेणबत्ती, वास घ्यायला लवंग, प्याला, बस. पंधरा मिनिटांत विधी होतो आणि मग भेळ किंवा पिझ्झा आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा. नवीन माणसाला आम्ही आधी इथेच बोलावतो, कारण दीड तास हिब्रू ऐकत गप्प बसावं लागत नाही.

जेवण कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे) असतं का?

सामायिक जेवण पूर्ण शाकाहारी किंवा खवल्यांच्या माशाचं, घरी बनवलेलं. त्यामुळे कोणाचीच पंचाईत होत नाही. मटण करायचं असेल तर ते आपल्या पद्धतीने कापलेलंच, आणि त्या दिवशी दूध-दही टेबलावर येत नाही, नारळाचं दूध असतंच आपलं. बाहेरून आणलेलं असेल तर डब्यावर कुठून आणलं ते लिहितो, ज्याचं त्याने ठरवावं.

मलिदा करता का? मला घरी कधी शिकवलाच नाही कोणी.

करतो, आणि शिकवतो. तरुण मंडळींना आपलेपणा वाटायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यात सगळ्यांच्या हाताला काम आहे आणि ज्यू जगात हे फक्त आपलं आहे. पोहे पाण्यातून काढून निथळत ठेवायचे, फार भिजवले तर लगदा होतो. एक जण नारळ खवतो, एक गूळ किंवा साखर मिसळतो, एक वेलची-जायफळ कुटतो, बदाम-पिस्त्याचे काप करायला सगळ्यात बडबड्या माणसाला बसवा. मोठ्या ताटात मध्ये पोह्यांचा ढीग आणि सभोवती फळं. मग एलियाहू हनाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं, सगळ्यांनी मोठ्याने, आणि मग एकेक आशीर्वाद: झाडावरच्या फळाला वेगळा, जमिनीतून आलेल्याला वेगळा, सुगंधी फुलापानाला वेगळा. केळं कुठल्यात धरायचं यावर दरवेळी चर्चा होते. केळं जमिनीवाल्यात, कारण त्याचं खोड दरवर्षी मरतं. ज्याने कधी पाहिलं नाही तोही दुसऱ्या वेळी दुसऱ्याला समजावत असतो.

मलिद्याला कारण लागतं. नवस फेडायचा, साखरपुडा, नवीन घर, लांबचा प्रवास. आम्ही त्यात पहिली नोकरी, परदेशी अॅडमिशन, आणि ऑपरेशननंतर घरी आलेला मित्र हेही धरतो. वर्षातून एकदा तू बिश्वातच्या (झाडांच्या सणाच्या) सुमारास अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला जातो, जिथे एलियाहूच्या रथाची खूण आहे असं आपण मानतो. त्याच दिवशी नवगावचं स्मारक पण होतं, जिथे जहाज फुटून वाचलेली सात जोडपी किनाऱ्याला लागली अशी आपली कथा आहे. येताना अलिबागच्या इस्राएल आळीत थांबतो. बोटीने गेलात तर मांडव्याला उतरून रिक्षा, बसने गेलात तर एसटी स्टँडवरून चालत.

मुलींना काय करता येतं? की नुसतं बाल्कनीतून बघायचं?

सिनेगॉगच्या आत ज्याची त्याची पद्धत असते आणि आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी बायका वेगळ्या बसतात, मिन्यानमध्ये दहा पुरुषच मोजतात. ते बदलायचं की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पण १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारक संस्था उभी राहिली, रोडेफ शालोम सिनेगॉग तिचंच, आणि त्यात डॉ. जेरुशा झिराड यांचा पुढाकार होता. कामा हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या, पुढे पद्मश्री मिळालेल्या बाई. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच समाजातल्या एका डॉक्टर बाईने हा प्रश्न विचारलाय, तेव्हा "हे परदेशी फॅड आहे" असं कोणी म्हणू नये. आमच्या घरच्या कार्यक्रमांत किद्दुश, हवदाला, द्राश (छोटं प्रवचन), जो तयारी करेल तो करतो, मुलगा असो मुलगी असो. हिशोब आणि चाव्या सध्या मुलींकडेच आहेत.

हे लग्न जमवायचं ठिकाण आहे का?

नाही. जमली तर आनंदच आहे, मेहंदीला सगळे नाचायला येऊ, पण तो हेतू ठेवला की जागेचं वातावरणच बिघडतं. मुली यायच्या बंद होतात, कारण प्रत्येक आंटी फोटो मागते. मुलं यायची बंद होतात, कारण नुसतं शेजारी बसलं तरी बातमी होते. ज्यांना स्थळं बघायची आहेत त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, ती विचारलं तरच सांगतो. ज्यांचं लग्न दुसऱ्या धर्मात झालंय किंवा होणार आहे त्यांनीही यावं, जोडीदाराला घेऊन यावं. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न केलेली जोडपी आमच्यात आहेत आणि पेसाहच्या (वल्हांडणाच्या) सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, ती सगळ्यात आधी येतात. गे-लेस्बियन मंडळींनाही हेच लागू.

सगळे शेवटी इस्राएललाच जातात, मग इतकी मेहनत कशाला?

जातात, बरेच जातात, आणि जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. पण गेलेला माणूस काय घेऊन जातो ते महत्त्वाचं. अश्दोद, लोद, दिमोनाला आजही मराठी बोलणारी घरं आहेत, "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक तिकडून निघालं. जे इथे जोडलेले होते ते तिकडे गेल्यावर एकमेकांना शोधतात. आणि जे राहतात, नोकरी इथे, आईबाबा इथे, मन इथे, त्यांना "तू अजून इथेच?" असं विचारणं बंद झालं पाहिजे. इथे राहणं हा पण एक निर्णय आहे.

इस्राएलच्या राजकारणावर सगळ्यांची मतं वेगळी आहेत, काहींचे भाऊ-बहिणी तिकडे सैन्यात आहेत. बोलायला बंदी नाही, पण जेवणाच्या टेबलावर नाही आणि व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपचे नियम काय?

कार्यक्रम, मदत, निधन-आजारपण, घर किंवा नोकरीची माहिती, एवढंच. गुड मॉर्निंगची फुलं नकोत. घरचे पत्ते आणि फोटो बाहेर पाठवायचे नाहीत, हे सुरक्षेसाठी. मिन्यानला एक माणूस कमी पडतोय असा मेसेज आला की जवळ असेल त्याने निघायचं, हा नियम नाही पण सगळे पाळतात.

सिनेगॉगची कमिटी ऐकत नाही. आमच्या गावात असं सुरू करायचं तर कसं?

कमिटीशी भांडून सुरू करू नका. ठाण्याचं शआर हशामाईम १८७९ चं, पनवेलचं बेथ एल त्याहून जुनं, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग तर सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं. या वास्तू टिकल्या त्या मुकादम, चौगुले (सिनेगॉगचे कारभारी) आणि हजान (प्रार्थना चालवणारे) मंडळींनी पदरचे पैसे आणि शनिवार घातले म्हणून. त्यांना भीती असते की तरुण येणार, गाणी वाजवणार आणि जाणार, लाइट बिल आपल्यालाच भरायचं. ती भीती आधी घालवा. हॉल मागायच्या आधी एखादं काम मागा: ट्यूबलाइट बदलणं, कबरस्तानातल्या दगडांवरची मराठी-हिब्रू अक्षरं उतरवून घेणं, सुक्कोत सणाच्या सुक्काचा मांडव बांधणं, सिम्हात तोराच्या सणाला येणाऱ्या आजी-आजोबांना गाडीने आणणं. दोन-तीन महिने हे केलंत की हॉल मागावा लागत नाही.

आणि तरुणांना पण खरं काम द्या. "तुम्ही या, बसा, जेवा, फोटो काढा" याने कोणी टिकत नाही. पैशांची पेटी, किल्ली, मेनू, पाहुण्यांना आणायची जबाबदारी, यातलं काहीतरी त्याच्या हातात पाहिजे. चुकेल, पोहे भिजून लगदा होईल, चालेल.

पुण्यात असाल तर रास्ता पेठेतलं सुक्कात शेलोमो आणि कॅम्पातलं ओहेल दाविद, म्हणजे लाल देऊळ, दोन्हीकडे आधी विचारून जा. एकटेच असाल, आजूबाजूला कोणी ज्यू घर नाही, तर शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी व्हिडिओ कॉलवर आमच्याबरोबर या, सूर्यास्ताच्या आधी जोडतो आणि मेणबत्त्या लागायच्या आत बंद करतो.

पैसे किती लागतात?

फी नाही. ताटामागे खर्च काढतो, ज्याला जमेल तो देतो, डबा दाराजवळ ठेवलेला असतो आणि त्याच्याजवळ कोणी उभं राहत नाही. स्टुडंट असाल, नोकरी गेली असेल, तर नुसते या. देवळाच्या देणग्या आणि आमचा हिशोब वेगळा असतो, दर महिन्याला ग्रुपवर टाकतो.

ज्यू नसलेल्या मैत्रिणीला आणलं तर?

आणा, आदल्या दिवशी नाव कळवा, गेटसाठी. ठाण्यात आपण ज्या चाळीत, सोसायटीत वाढलो तिथे गणपतीचे मोदक आणि ईदचा शीरखुर्मा आपल्या घरी आलाय, तेव्हा खिरीच्या सणाला शेजारणीला बोलवायला काय हरकत आहे. फक्त योम किप्पूरला (उपासाच्या दिवशी) नको, त्या दिवशी बोलायलाही कोणाला वेळ नसतो.

येत्या महिन्यात यायचं तर पहिलं काय करू?

एक मेसेज करा: नाव, कुठे राहता, शुक्रवार जमतो की शनिवार. जवळच्या घरातून तुम्हाला फोन येईल. काही खात नसाल तर तेही सांगा. येताना हातात काही आणायची गरज नाही, पण आणावंसंच वाटलं तर नारळ आणा, मलिद्याला नेहमी एक कमी पडतो.